सरहद्दीपलीकडचे शिक्षण आणि दिव्यांग विद्यार्थी

शिकण्यासाठी परदेशी जाणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याच्या दोन गरजा असतात. तिथल्या विद्यापीठाने अपंगत्वाच्या कारणावरून त्याला नाकारू नये, ही पहिली. दुसरी म्हणजे, प्रवेश मिळाल्यावर प्रत्यक्ष शिकता येईल अशी सोय हवी: वाचता येतील अशी पुस्तके, दुभाषी, मदतनीस, चढता येईल अशी इमारत, परीक्षेला जादा वेळ. पहिल्या गरजेसाठी गेल्या पन्नास वर्षांत अनेक देशांनी कायदे केले आणि त्यांचे संरक्षण परदेशी विद्यार्थ्यालाही मिळते. दुसऱ्या गरजेला पैसा लागतो, आणि तो जवळजवळ सगळीकडे नागरिकत्वाला किंवा कायम वास्तव्याला बांधलेला आहे. मायदेशात मिळणारी मदत मागे राहते आणि नव्या देशातली मदत परक्या नागरिकाला मिळत नाही. आंतरराष्ट्रीय शिक्षण सर्वसमावेशक करण्याचा प्रश्न मुख्यतः या मधल्या पोकळीचा आहे. रॅम्प आणि लिफ्ट बांधणे हे त्यातले सोपे काम आहे.

प्रश्न किती जणांचा आहे, हे मोजणी कशी होते यावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 130 कोटी, म्हणजे 16 टक्के लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. भारताच्या 2011 च्या जनगणनेत हा आकडा 2.68 कोटी, म्हणजे 2.21 टक्के आला, महाराष्ट्रात 29.63 लाख. अमेरिकेतल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी मात्र 2019-20 मध्ये सुमारे 21 टक्क्यांनी आपल्याला अपंगत्व असल्याचे सांगितले. तिथे नैराश्य, अवधान-कमतरता, वाचनदोष, दीर्घकाळचे आजार हे सारे या गणतीत धरतात. घरी ज्याला कुणी कधी दिव्यांग म्हटले नाही, अशा भारतीय विद्यार्थ्यालाही तिथे मदत मागण्याचा हक्क असू शकतो. ही गोष्ट अनेकांना तिथे पोचून वर्ष वाया गेल्यावर कळते.

आधीचे प्रवासी

हा प्रवास दोनशे वर्षांहून जुना आहे. 1815 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डचे थॉमस गॅलॉडेट कर्णबधिर मुलांना शिकवण्याची पद्धत शिकून घेण्यासाठी युरोपात गेले. ब्रिटनमधल्या शाळा ज्या ब्रेडवुड घराण्याच्या हाती होत्या, त्यांच्याकडून त्यांना काही मिळाले नाही. पॅरिसच्या शाळेने मात्र सगळे दाखवले. तिथले कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर 1816 मध्ये त्यांच्याबरोबर जहाजाने अमेरिकेला निघाले. वाटेत क्लेर इंग्रजी शिकत होते आणि गॅलॉडेट खुणांची भाषा. 1817 मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली, आणि क्लेर यांच्या फ्रेंच खुणा तिथल्या मुलांच्या खुणांत मिसळून अमेरिकन खुणांची भाषा घडली. 1864 मध्ये वॉशिंग्टनला कर्णबधिरांसाठी उच्च शिक्षणाची जी संस्था उभी राहिली, तीच आजचे गॅलॉडेट विद्यापीठ. तिथून 1954 मध्ये पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी अँड्र्यू फॉस्टर पुढे आफ्रिकेत गेले. घानापासून सुरुवात करून त्यांनी तिथल्या अनेक देशांत कर्णबधिरांच्या तीसहून अधिक शाळा काढल्या.

भारतातले सर्वांत ठळक उदाहरण वेद मेहता यांचे. 1934 मध्ये लाहोरला जन्मलेल्या मेहतांची दृष्टी चौथ्या वर्षाच्या आत मेंदूज्वराने गेली. वडील सार्वजनिक आरोग्य खात्यातले डॉक्टर. त्यांनी मुलाला पाच वर्षांचा होण्याआधीच शेकडो मैलांवरच्या मुंबईला, दादरच्या अंधशाळेत पाठवले. ती अमेरिकी मिशनऱ्यांनी सुरू केलेली शाळा. वर्गात बहुतेक मुले गरीब किंवा अनाथ. ब्रेल तिथे शिकता आले, पण पुढचे शिक्षण देशात मिळण्यासारखे नव्हते. परदेशातल्या शाळांशी पत्रव्यवहार झाला आणि नकार येत राहिले. इतक्या कोवळ्या वयात परक्या समाजात आलेला मुलगा दोन्हीकडे उपरा होईल, असे काहींचे म्हणणे होते. शेवटी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक येथील अंधशाळेने होकार दिला आणि 1949 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मेहता एकटे अमेरिकेला गेले. आवाज कसा परततो, कुठे दबतो यावरून भिंत, खांब, समोरून येणारा माणूस ओळखत काठीशिवाय शहरात फिरणे हे तिथल्या शिक्षणाचा भाग होते. पुढे पोमोना कॉलेज, ऑक्सफर्डचे बेलिअल कॉलेज आणि हार्वर्ड. अभ्यासाची पुस्तके वाचून दाखवायला डोळस वाचक लागत. 1961 पासून तीन दशकांहून अधिक काळ ते ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचे लेखक होते. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या बुद्धीबद्दल शंका नाही. पण सुशिक्षित वडील, इंग्रजीत पत्रे लिहिण्याची ताकद आणि एका शाळेचा होकार यांतले एकही नसते तर ती बुद्धी लाहोर सोडून कुठेच गेली नसती. दादरच्या वर्गातल्या इतर मुलांना हे काहीच उपलब्ध नव्हते.

त्या काळी अमेरिकेतही विद्यापीठांवर कसले बंधन नव्हते. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी 1948 मध्ये सुरू केलेला उपक्रम हा अपवाद होता. 1962 मध्ये पोलिओग्रस्त एड रॉबर्ट्स बर्कलेच्या विद्यापीठात आले तेव्हा त्यांचे श्वसनयंत्र मावेल असे वसतिगृह नव्हते, म्हणून त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करण्यात आली. त्यांच्यामागून आलेल्या विद्यार्थ्यांची तिथे एक चळवळच झाली. 1973 च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम 504 ने केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. नियम मात्र चार वर्षे रखडले. 1977 मध्ये सान फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत दिव्यांग आंदोलकांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा कुठे त्यांवर सही झाली. 1990 मध्ये त्यापुढचा व्यापक कायदा आला. या कायद्यांची भाषा ‘नागरिक’ अशी नसून ‘व्यक्ती’ अशी आहे, म्हणून त्यांचा लाभ पुण्याहून गेलेल्या विद्यार्थ्यालाही मिळतो.

कायद्याचा आधार

अमेरिकी विद्यापीठाला प्रवेश देण्याआधी अर्जदाराला अपंगत्वाबद्दल विचारता येत नाही. प्रवेशानंतर विद्यार्थ्याने स्वतः सांगितले की सोय करण्याचे कर्तव्य सुरू होते. ब्रिटनचा 2010 चा समता कायदा आणखी पुढे जातो. दिव्यांग विद्यार्थी येतील हे गृहीत धरून संस्थेने आधीच तयारी ठेवावी, अशी त्याची अपेक्षा आहे. कुणी तक्रार केल्यावर हालचाल करणे पुरेसे ठरत नाही. ऑस्ट्रेलियाने 2005 मध्ये शिक्षणासाठी वेगळी मानके केली. जपानमध्ये भेदभावविरोधी कायदा 2016 पासून लागू झाला, पण वाजवी सोय करण्याची सक्ती खासगी संस्थांवर, म्हणजे खासगी विद्यापीठांवरही, 2024 च्या एप्रिलपासून आली.

या सगळ्यावर संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे. 13 डिसेंबर 2006 रोजी तो स्वीकारला गेला. त्याचे कलम 24 शिक्षणाबद्दल आहे. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला मान्यता दिली आणि त्यातून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखीव झाल्या. अमेरिकेने करारावर सही केली, पण 2012 मध्ये सेनेटमध्ये 61 विरुद्ध 38 असे मतदान होऊन दोन तृतीयांश बहुमत हुकले. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने करार मान्य करताना परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचे आपले नियम त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. विद्यापीठाचे दार उघडे आणि देशाचे दार अर्धवट, असे त्यामुळे घडू शकते.

मदतीचा पैसा कुणाचा

ब्रिटनमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सरकारी भत्ता आहे. त्यातून टिपणे काढणारा मदतनीस, संगणक आणि त्यावरचे खास सॉफ्टवेअर, टॅक्सीचे जादा भाडे असे खर्च भागतात. परदेशी विद्यार्थ्याला हा भत्ता मिळत नाही. सार्वजनिक निधीवर हक्क सांगता येणार नाही, ही त्याच्या व्हिसाची अटच असते. समता कायद्याने सोय करण्याचे कर्तव्य विद्यापीठावर राहते, तेव्हा तोच खर्च विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून करायचा. मोठे विद्यापीठ करते. लहान संस्था ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर घासाघीस करते, आणि ती घासाघीस त्या देशात नुकत्याच उतरलेल्या विद्यार्थ्याला करावी लागते.

अमेरिकेत वर्गातला दुभाषी, ब्रेल प्रती, परीक्षेचा वेगळा कक्ष यांचा खर्च विद्यापीठाचा. त्याचे शुल्क विद्यार्थ्याकडून घेता येत नाही. पण आंघोळ, कपडे, जेवण, रात्री कुशीवर वळवणे ही मदत कायद्याच्या दृष्टीने खासगी आहे. अमेरिकी विद्यार्थ्याला त्यासाठी सरकारी आरोग्य योजना किंवा राज्याचा पुनर्वसन विभाग आधार देतो. परदेशी विद्यार्थ्याला यांतले काही मिळत नाही. मणक्याला इजा झालेल्या एखाद्या मुलीला सकाळी दोन तास आणि रात्री एक तास मदत लागते, असे धरू. नाशिकच्या घरी ते काम आई, मावशी आणि रोज येणाऱ्या बाई मिळून करतात. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. परदेशात तेच तीन तास ताशी दराने विकत घ्यावे लागतात, रविवारी आणि सुटीतही. वर्षाला हजारांहून अधिक तास होतात. शिष्यवृत्तीच्या ठरावीक रकमेत हे बसत नाही, आणि व्हिसासाठी बँकेत दाखवायच्या पैशांत तर हा खर्च धरलेलाच नसतो. आरोग्यविमा पूर्वीपासूनचे आजार वगळणारा असेल तर तोही भार घरावर येतो. गुणवत्तेवर प्रवेश मिळालेले विद्यार्थी शेवटी या हिशेबापाशी थांबतात.

याहून चांगली रचना शक्य आहे, हे युरोपने दाखवले. 1987 मध्ये 11 देशांतल्या 3,244 विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ योजनेत आज समावेशासाठी वेगळा निधी आहे. दिव्यांग विद्यार्थ्याचा जो जादा खर्च प्रत्यक्ष होईल, बरोबर न्याव्या लागणाऱ्या मदतनिसाच्या खर्चासह, तो नेहमीच्या शिष्यवृत्तीव्यतिरिक्त भरून मिळू शकतो. पैसा देशाला किंवा विद्यापीठाला बांधलेला नसून प्रवास करणाऱ्या माणसाबरोबर चालतो, हे या रचनेचे मर्म आहे. जाण्याआधी ठिकाण पाहून येण्याचीही तीत तरतूद आहे. वसतिगृहातल्या न्हाणीघराच्या दाराची रुंदी पत्रातून कळत नाही. तिथे जाऊन पाहावी लागते.

अमेरिकेत हे काम एका स्वयंसेवी संस्थेने रेटले. अपघातानंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि रोटरीच्या शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियात शिकून आलेल्या सुझन सायगल यांनी 1981 मध्ये सहकारी मैत्रिणीबरोबर ऑरेगन राज्यातल्या युजीन शहरात ‘मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए’ स्थापन केली. 1995 पासून ही संस्था परराष्ट्र खात्याच्या मदतीने दिव्यांगांच्या शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी माहिती केंद्र चालवत आली. दिव्यांग विद्यार्थी परदेशी जाऊ शकणार नाही असे सल्लागारांनीच परस्पर ठरवून टाकणे हा मोठा अडथळा आहे, हे या संस्थेने सतत मांडले.

भारत सरकारची दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती 2014-15 पासून आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी वर्षाला 20 जागा ठरवल्या गेल्या. त्यांतल्या सहा महिलांसाठी. योजना आहे हे स्वागतार्हच. पण एकट्या अमेरिकेत 2023-24 मध्ये 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते, त्यापुढे वीस हा आकडा फार तोकडा आहे. शिवाय अशा कोणत्याही शिष्यवृत्तीत फी आणि राहण्याच्या खर्चापलीकडे मदतनीस, उपकरणे आणि त्यांची दुरुस्ती यांचा प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळा हिशेब धरला पाहिजे.

व्हिसाची चाळणी

ऑस्ट्रेलियात व्हिसासाठी आरोग्याची अट आहे. अर्जदारावर सार्वजनिक आरोग्यसेवेचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे होईल असे दिसले तर व्हिसा नाकारता येतो. 1 जुलै 2024 पासून ही मर्यादा 86,000 ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. तात्पुरत्या व्हिसासाठी तेवढ्याच मुदतीचा खर्च धरतात, त्यामुळे विद्यार्थ्याची अडचण कमी होते. पण त्या देशाचा 1992 चा भेदभावविरोधी कायदा स्थलांतराच्या कायद्याला लागूच होत नाही, ही मुळातली खोच कायम आहे. कॅनडातही ‘अवाजवी भार’ अशी कसोटी आहे. 2018 मध्ये तिची मर्यादा तिपटीने वाढवली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवा हिशेबातून काढल्या.

अमेरिकेची अडचण वेगळ्या जातीची आहे. विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. ज्याला थकवा आणणारा आजार आहे किंवा पडद्यावरचा मजकूर ऐकून वाचावा लागतो, त्याला सत्रात चारऐवजी दोन विषय घेणे हीच खरी सोय असते. वैद्यकीय कारणासाठी तशी सवलत मिळते, पण एका पदवीच्या टप्प्यात एकूण 12 महिनेच. अपंगत्व बारा महिन्यांत संपत नाही. हा नियम तात्पुरता आजार डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे आणि तो बदलायला हवा.

दाखल्यांचा घोळ

भारतात अपंगत्व टक्क्यांत मोजतात. सरकारी रुग्णालयातले मंडळ तपासते, दाखल्यावर ‘65 टक्के’ असे लिहिते, ओळखपत्र मिळते. 40 टक्क्यांची रेघ ओलांडली की सवलती सुरू. अमेरिकी विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा कार्यालयाला या टक्क्यांतून काहीच कळत नाही. त्यांचे प्रश्न असे असतात: किती वेळ सलग लिहू शकता? पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचायला किती वेळ लागतो? आजवर कोणती सोय मिळाली आणि तिचा उपयोग झाला का? मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना या प्रश्नांची उत्तरे देणारे पत्र लिहिण्याची सवय नसते. त्यामुळे विद्यार्थ्याने कार्यालयाचा नमुना आधीच मागवून तो डॉक्टरांपुढे ठेवणे शहाणपणाचे. पत्रात निदानापेक्षा कामातली अडचण नेमकी यावी: ‘उजव्या हाताने दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग लिहिता येत नाही’ हे वाक्य पंचाहत्तर टक्क्यांच्या शिक्क्यापेक्षा तिथे जास्त उपयोगी पडते. भारतातही कायद्याची नजर या दिशेने वळते आहे. 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हातात पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिकाचा हक्क दिला आणि त्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे सांगितले.

अध्ययन अक्षमतेचा घोळ याहून मोठा आहे. महाराष्ट्राने 1996 मध्ये, इतर राज्यांच्या कितीतरी आधी, डिस्लेक्सिया असलेल्या शालेय विद्यार्थ्यांना जादा वेळ, गणकयंत्र, एका भाषेऐवजी दुसरा विषय अशा सवलती दिल्या. त्या पिढीतली मुले आता परदेशी जातात तेव्हा त्यांच्या हातात नववी-दहावीतला दाखला असतो. अनेक विद्यापीठे मात्र गेल्या तीन ते पाच वर्षांतली, प्रौढांच्या निकषांवर केलेली चाचणी मागतात. ती परदेशात करून घेणे फार महाग. निघण्यापूर्वी इथेच करून घेतलेली बरी.

सोयींची पद्धतही बदलते. भारतात लेखनिक आणि ताशी वीस मिनिटे जादा वेळ हे ठरून गेलेले आहे. परदेशात बहुतेक ठिकाणी संगणक, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, आवाजावरून टंकलेखन यांच्यावर भिस्त असते. बारावीपर्यंत लेखनिकाला उत्तरे सांगत आलेल्या अंध मुलाला तिथे पहिल्याच सत्रात पंधरा पानांचा निबंध स्वतः टंकून, तळटीपांसह द्यावा लागतो. ही तयारी आधी दोन वर्षे व्हायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये तयार करायला घेतलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, त्यामुळे पैशाची सबब आता राहिलेली नाही. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र 2003 पासून असे काम करत आहे. तसे केंद्र जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात असायला हवे.

आणखी एक फरक सवयीचा. आपल्याकडे आईवडील प्राचार्यांना भेटतात, अर्ज लिहितात, पाठपुरावा करतात. परदेशी विद्यापीठ सज्ञान विद्यार्थ्याशीच बोलते. पालकांच्या ई-मेलला उत्तरही येत नाही. आपल्याला काय जमते, काय जमत नाही आणि काय हवे, हे तीन वाक्यांत न संकोचता सांगता येणे ही तिथली पहिली पात्रता. मानसिक आजार असलेले विद्यार्थी याच ठिकाणी गप्प राहतात आणि हक्काच्या सोयी न घेताच नापास होतात.

परीक्षेचा उंबरठा

इंग्रजीच्या आणि प्रवेशाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांत आज जादा वेळ, मोठी अक्षरे, ब्रेल, स्क्रीन रीडर, मधली विश्रांती या सोयी मिळतात. अडचण वेळापत्रकाची आहे. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची ब्रेल प्रश्नपत्रिका हवी असेल तर सुमारे तीन महिने आधी कळवावे लागते. इतरांना पंधरा दिवसांत परीक्षा देता येते. अंध विद्यार्थ्याचे प्रवेशाचे एक सत्र एवढ्यात निघून जाते. कर्णबधिरांसाठी ओठांच्या हालचाली वाचून द्यायची श्रवणचाचणी आहे, पण लहानपणापासून खुणांच्या भाषेत शिकलेल्याला तिचा काही उपयोग नाही. ऐकण्याची परीक्षा घेऊन अशा विद्यार्थ्याच्या इंग्रजीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, आणि विद्यापीठांनी त्या भागाचे गुण मागणे सोडून दिले पाहिजे.

देशातले दार बंद झाल्याने परदेशी गेलेलेही आहेत. आंध्र प्रदेशातल्या श्रीकांत बोल्ला या अंध विद्यार्थ्याला दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली गेली. त्याने न्यायालयात जाऊन ती मिळवली आणि बारावीला 98 टक्के गुण घेतले. आयआयटीच्या शिकवणी वर्गांनी त्याला घेतले नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने घेतले. त्या संस्थेतला तो पहिला परदेशी अंध विद्यार्थी. परत येऊन त्याने हैदराबादला ‘बोलँट इंडस्ट्रीज’ उभी केली. अशा उदाहरणांचे कौतुक करताना हे विसरू नये की परदेश हा त्याचा पहिला पर्याय नव्हता.

पुस्तकांचा करार

अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वांत मोठी प्रगती झाली ती पुस्तकांत. एखादे पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ऐकता येईल अशा रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागे. ज्या देशांत कायद्याने सूट होती तिथे तयार झालेली प्रत सरहद्दीपलीकडे पाठवता येत नसे. स्पेनमधल्या अंधांच्या संघटनेकडे स्पॅनिश पुस्तकांचा मोठा साठा होता, आणि तीच भाषा बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेतल्या अंधांना तो मिळू शकत नव्हता. प्रत्येक देशाने तेच पुस्तक पुन्हा नव्याने तयार करायचे.

27 जून 2013 रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याविषयीचा करार झाला. मान्यताप्राप्त संस्थांनी परवानगीशिवाय सुलभ प्रती कराव्यात आणि त्या एकमेकींना देशाबाहेरही द्याव्यात, असे त्याने ठरवले. अंधांबरोबरच डिस्लेक्सिया असलेले आणि हातात पुस्तक धरू न शकणारेही त्यात येतात. भारताने आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्येच तशी दुरुस्ती केली होती, आणि 2014 च्या जूनमध्ये या कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत ठरला. वीस देशांची मान्यता पूर्ण झाल्यावर 30 सप्टेंबर 2016 पासून करार लागू झाला. युरोपीय संघ आणि अमेरिका 2019 पासून त्यात आहेत. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे भारतातल्या दृष्टिबाधितांचे ऑनलाइन ग्रंथालय 2016 मध्ये सुरू झाले.

करार झाला तरी वर्गातले पान सुटत नाही. प्राध्यापक एखादे प्रकरण स्कॅन करून पीडीएफ पाठवतात. डोळसाला ते अक्षरांचे पान दिसते. स्क्रीन रीडरला ते चित्र असते, आणि तो एवढेच म्हणतो: रिकामे पान. गणितातले समीकरण चित्र म्हणून चिकटवलेले असले तर तेही गेले. प्रत्येक विभागाने वाचनसामग्री सत्र सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी दिली तर बहुतेक अडचणी सुटतात. यासाठी कायदा आणि पैसा यांच्यापेक्षा शिस्तच लागते.

खुणांच्या भाषा, प्रवास, औषधे

खुणांची भाषा जगभर एकच असते हा गैरसमज फार पसरलेला आहे. भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन या वेगवेगळ्या भाषा आहेत. भारतीय खुणांच्या भाषेत इंग्रजी मुळाक्षरे दोन हातांनी दाखवतात, अमेरिकनमध्ये एका हाताने. मुंबईहून रॉचेस्टरच्या कर्णबधिरांच्या तंत्रशिक्षण संस्थेत किंवा गॅलॉडेटला गेलेल्या विद्यार्थ्याला लिखित इंग्रजीखेरीज आणखी एक नवी भाषा शिकावी लागते. तिच्यासाठी वेळ आणि शिक्षक देणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

विमानप्रवासात अजूनही कायद्यापेक्षा कर्मचाऱ्याची मर्जी चालते. 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष गोव्यातल्या परिषदेसाठी कोलकात्याहून निघाल्या असता त्यांना विमानातून उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई देववली. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या बॅटरीचा प्रकार विमान कंपनीला आधी कळवावा लागतो. शिवाय भारतात 230 व्होल्ट आणि अमेरिकेत 120 व्होल्ट वीज असल्याने चार्जर दोन्हींवर चालतो का, हे घरीच पाहावे. पहिल्याच रात्री खुर्ची बंद पडली तर माणूस खोलीत अडकतो. औषधांचेही तसेच. अवधान-कमतरतेवर अमेरिकेत सर्रास दिली जाणारी अँफेटामाइनची औषधे जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

इकडे येणारे विद्यार्थी

ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. तिबेटी ब्रेल तयार करून ल्हासात अंधांची शाळा काढणाऱ्या जर्मन अंध अभ्यासक झाब्रिये टेनबर्केन यांनी आपल्या सहकाऱ्यासह तिरुवनंतपुरमजवळ ‘कंथारी’ ही संस्था उभी केली. तिथे आफ्रिका, आशिया आणि इतर खंडांतून आलेले, अंध आणि इतर दिव्यांगही, सामाजिक काम उभारण्याचे शिक्षण घेतात. परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात अशा पुण्यात मात्र किती महाविद्यालयांची संकेतस्थळे स्क्रीन रीडरने वाचता येतात आणि किती वसतिगृहांत व्हीलचेअर जाईल असे न्हाणीघर आहे, याची माहिती अर्ज भरण्याआधी मिळायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मानके 2022 मध्ये दिली. ती पाळल्याचा तपशील प्रत्येक संस्थेने जाहीर केला पाहिजे.

आता परदेशी विद्यापीठेच महाराष्ट्रात येत आहेत. जून 2025 मध्ये यॉर्क, अॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांसह पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबई परिसरात शाखा काढण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. ज्या दिव्यांग विद्यार्थ्याला घर सोडून परदेशी राहणे परवडत नाही, त्याच्यासाठी ही सर्वांत जवळची संधी आहे. पाच टक्के राखीव जागांचे बंधन सरकारी आणि अनुदानित संस्थांपुरतेच असल्याने ते या शाखांवर येत नाही. या संस्थांनी मायदेशात कायद्याने द्याव्या लागणाऱ्या सोयी इथेही तेवढ्याच दिल्या पाहिजेत, आणि राज्य सरकारने ते करारातच लिहून घ्यावे. इमारतीबद्दल तर नवे काही ठरवायचेही नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 44 नुसार सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देता येत नाही, आणि नियम पाळल्याशिवाय बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळत नाही.